तातूचं गाऱ्हाणं

सकाळी मला जाग यायची ती धोपटण्याच्या आवाजाने. ईशान, तारा, तुम्हाला धोपटणं ठाऊक असण्याचं कारण नाही. हातभर लांबीचा, चपटा, एका टोकाला मूठ केलेला लाकडी दांडा असतो तो. ओलं धुणं दगडावर ठेवून त्याने बडवायचं, म्हणजे मळ सुटतो. आमची चाळ अंधेरीच्या पूर्वेला, साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत होती. मध्ये फरसबंद चौक, चौकात नळ आणि नळाशेजारी धुण्याचा मोठा काळा दगड. पाणी पहाटे यायचं आणि ऊन चौकात उतरायच्या आत जायचं. तेवढ्या वेळात चाळीतल्या सगळ्या बायका, निम्मे पुरुष आणि आम्ही मुलं तिथे असायचो. बादल्यांचा खणखणाट, कुणीतरी कुणाच्या तरी पुढे घुसल्याची तक्रार, आणि त्या सगळ्याच्या तळाशी माझ्या आईचं धोपटणं. बाभळीच्या लाकडाचं होतं. माझ्या आजोबांनी गावी ते स्वतः तासलं होतं आणि आईच्या लग्नात भांड्यांबरोबर दिलं होतं. आई धुवायला बसली की तिच्या हाताला एक ठेका असे, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या त्यावर इंग्रजी कविता पाठ करत असे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कनिष्ठ कोर्टात शिरस्तेदार होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसायचं, खटले पुकारायचे, कागद लावून द्यायचे. आम्ही सातारा भागातले बौद्ध. अण्णांनी तरुणपणी दीक्षा घेतली आणि त्याच सुमारास मुंबई गाठली. घरात बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली अण्णांच्या इंग्रजी पुस्तकांची फळी आणि फळीखाली मी. मला त्यांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायला लावत. आई भाकऱ्या थापता थापता ऐके. तिला शब्द कळत नसत, पण मी अडखळले की तिचा हात थांबे. आजही कुणी चुकीचं वाचलं की मला भाकरी थापायची थांबल्यासारखं वाटतं.

चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. आमच्या समोर, चौकापलीकडे, परबकाकी आणि त्यांचा मुलगा वसंता. आमच्या भिंतीला भिंत लावून तातू गावडे आणि त्यांचा मुलगा मोहन. तातू आधी गिरणीत होते, मग साकीनाक्याच्या एका कारखान्यात रखवालदार झाले. त्यांची बायको मोहन रांगत असतानाच गेली, आणि त्याला परबकाकींनी वसंताबरोबरच वाढवलं. सकाळी काकींच्या खोलीतून बिडाच्या तव्यावर घावणं पडल्याचा चर्र आवाज येई, त्यामागोमाग नारळाच्या रसाचा वास. त्या दोन ताटल्या एकाच वेळी खाली ठेवत. आई एकदा म्हणाली, ‘‘काकी, एकेक करून वाढा की, हात भाजतोय तुमचा.’’ तर काकी म्हणाल्या, ‘‘एकाक आधी वाढला तर दुसरो रुसता गे. दोगांव मेले सारखेच.’’ मोठे झाल्यावर दोघे एकाच वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर लागले. सकाळी मोहन उशिरा करायचा आणि वसंता डब्याची पिशवी हातात घेऊन चौकात उभा राहून वर ओरडायचा, ‘‘मोहन्या, येतंस काय जाव मी?’’ तो कधी एकटा गेला नाही.

जे झालं ते नळावर झालं. मी तेव्हा शाळेत होते आणि बादली धरून रांगेत उभी होते. वसंताला मुलगी दाखवायला आदल्या रविवारी गावची माणसं आली होती आणि त्यांनी नकार कळवला होता. सगळ्या चाळीला ते माहीत होतं. वसंता बादली घेऊन आला तसा मोहन रांगेतून म्हणाला, ‘‘नवऱ्याक आधी पाणी भरूक दियात रे. तेका अजून धा घरां फिराची आसत.’’ लोक हसले. वाईट बोलणं नव्हतं ते. मोहन वसंताला याहून कितीतरी वाईट बोलायचा आणि वसंता दुप्पट परत करायचा. पण त्या दिवशी सगळे हसले, बायकाही हसल्या, आणि वसंताने दगडावर पडलेलं आईचं धोपटणं उचललं. एकच फटका. कानशिलावर. मोहन खाली बसला, ‘‘काय रे, खरोच मारलंस?’’ असं म्हणाला आणि आडवा झाला. नळ वाहतच होता. वसंता त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्यावर पाणी मारत राहिला. पोलीस आले तेव्हाही तो तिथेच बसला होता. मोहन इस्पितळात गेला तो परत आला नाही.

त्यानंतर आमच्या घरात धोपटण्याचा आवाज झाला नाही. पोलीस ते कापडात गुंडाळून, लाखेचं सील लावून घेऊन गेले. खटला वरच्या कोर्टात चालला आणि आईला साक्षीला जावं लागलं. अण्णांनी तिला आदल्या दिवशी नीट समजावलं होतं: विचारतील तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही. पिंजऱ्यात तिच्यासमोर कापड उलगडलं. सरकारी वकिलांनी विचारलं, हे ओळखता का. आई म्हणाली, ‘‘हो. माझं आहे. माझ्या वडिलांनी केलेलं आहे.’’ एवढं सांगून ती खाली उतरली. तिने एकदाही वसंताकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो काकी कशा आहेत विचारेल अशी भीती वाटली, असं ती नंतर म्हणाली. सदोष मनुष्यवध ठरला. सक्तमजुरी झाली. पुढे केव्हातरी जेवताना आईने अण्णांना विचारलं, ‘‘ते परत मिळतं का हो?’’ अण्णा म्हणाले, ‘‘मुद्देमाल. अर्ज केला तर विचार करतील. हवंय का?’’ आईने नकारार्थी मान हलवली. पुढे ती ब्रशने धुवू लागली, आणि माझी सकाळ मुकी झाली.

वसंता सुटून आला तेव्हा मी कॉलेज संपवून कायदा शिकायला लागले होते. वर्ग सकाळचे असत. सकाळी शिकलेलं संध्याकाळी अण्णांना सांगायचं हा आमच्या घरचा नेम. ईशान, तू मागच्या महिन्यात फोनवर विचारलंस ना, ‘‘आजी, शिक्षा कशासाठी असते असं तुला वाटतं?’’ नेमका तोच धडा आम्हाला तेव्हा चालू होता. मी अण्णांना बोटांवर मोजून सांगितलं. एक, ज्याचं नुकसान झालं त्याच्या वतीने फेड. दोन, इतरांना जरब. तीन, गुन्हेगाराला काही काळ दूर ठेवून बाकीच्यांचं रक्षण. चार, त्याची सुधारणा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि संपते केव्हा?’’ मी म्हटलं, ‘‘मुदत भरली की.’’ ‘‘असं पुस्तकात आहे?’’ ‘‘पुस्तकात तो प्रश्नच नाही.’’ आई चुलीपाशी बसून म्हणाली, ‘‘पुस्तकवाल्याच्या चाळीत नळ नसेल.’’

तिला काय म्हणायचं होतं ते मी सांगते. वसंता आला तेव्हा चाळीत कुणी त्याला शिवी दिली नाही. सभा भरली नाही, कुणी ठराव केला नाही. तो सकाळी बादली घेऊन नळावर आला आणि लोक बाजूला झाले. ज्याची बादली अर्धी भरली होती त्यानेही ती काढून घेतली. पाण्याच्या एका कळशीवरून आयाबाया एकमेकींच्या सात पिढ्या काढत, त्या नळाभोवती अचानक मोकळी जागा झाली. वसंताला रांग लावावी लागली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. तो नळाखाली बादली ठेवून उभा राही, बाकीचे चार पावलं लांब गप्प उभे असत, आणि बादलीत पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज होई. काही दिवसांनी तो पाण्याचा जोर संपल्यावर येऊ लागला, सगळे भरून गेल्यावर. करंगळीएवढ्या धारेखाली बादली भरेपर्यंत उकिडवा बसून राही. तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता. हात चांगला होता म्हणे. पण साकीनाक्याला कुणी त्याला कामावर ठेवून घेईना, आणि चाळीत कुणाची खिडकी निखळली तरी लोक बाहेरून माणूस आणत.

अण्णा नळावर कधी जात नसत. त्यांना कोर्टात वेळेवर पोचायचं असे. पण एका सकाळी त्यांनी आईच्या हातातली बादली घेतली, लेंगा दुमडला आणि खाली उतरले. जाताना वसंताला हाक मारून गेले, ‘‘चल रे, पाणी आलंय.’’ मी गॅलरीतून बघत होते. वसंता आला तसे लोक नेहमीप्रमाणे मागे सरले. अण्णा सरले नाहीत. वसंताने बादली नळाखाली धरली तेव्हा अण्णांनी ती पायाने बाजूला सारली.

‘‘ए वसंता. माझा नंबर आहे. रांग दिसत नाही का तुला?’’

वसंताने मागे वळून पाहिलं. ‘‘रांग खंय आसा, अण्णा?’’

‘‘मी आहे ना. एक माणूस उभा असला तरी रांग असते. मागे हो.’’

तो अण्णांच्या मागे जाऊन उभा राहिला. अण्णांनी मुद्दाम सावकाश बादली भरली, हात धुतले, पाय धुतले, पुन्हा बादली विसळली. शेवटी मागून कुणीतरी वैतागलंच, ‘‘अवो शिरस्तेदार, आंघोळच करून घ्या की आता,’’ आणि दोघं-तिघं पुढे सरकले, आणि पुढे सरकताना वसंताच्या बादलीला त्यांच्या बादल्या लागल्या. कोर्टाला त्या दिवशी अण्णांना उशीर झाला. घरी आले तेव्हा मी म्हटलं, ‘‘अण्णा, तुम्ही त्याच्याशी भांडलात.’’ ते शर्ट अडकवत म्हणाले, ‘‘आमच्या गावात पाणवठा होता, बेबी. आम्ही काही केलेलं नव्हतं, तरी आमच्याशी तिथे कुणी भांडत नसे. लांब उभं राहायला लागायचं. माणसाशी लोक पाण्यावरून भांडतात तेव्हा तो माणसात असतो.’’ एवढं बोलून ते चहा मागायला आत गेले. गावाविषयी त्यांच्या तोंडून मी त्याहून जास्त कधी ऐकलं नाही.

तरीही एका माणसाच्या रांगेने चाळ बदलत नाही. अण्णा नसत तेव्हा नळाभोवतीची मोकळी जागा पुन्हा तयार होई. काकी आईपाशी येऊन बसू लागल्या. खोली विकून गावी जायचं म्हणत. आई विचारी, ‘‘गावी तरी कोण वाट बघतंय?’’ काकी म्हणत, ‘‘कोण नाय. पण थंय विहीर आपली आसा.’’

असे गणपती आले. कोकणातल्या माणसांच्या गणपतीत आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातला किंवा शेजारचा जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने त्या घरासाठी मागणं मागतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणतात. होकार देणारी माणसं हवीतच. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं पोचत नाही असं काकी म्हणत. आमच्या चाळीत ते घालायचा मान तातूंचा. आवाज असा, की घराघरातून फिरत ते कुठे पोचलेत हे आम्हाला घरात बसून कळायचं. आम्ही देवपूजा करत नव्हतो, पण मी आणि चाळीतली मुलं त्यांच्या मागून हिंडायचो, प्रसादाची खिरापत तळहातावर घेत. मोहन गेल्यावर तातूंनी गाऱ्हाणं घालणं बंद केलं. एक तरुण मुलगा चार वाक्यं पुटपुटायचा, तेवढ्यावर चालायचं.

गणपतीच्या आदल्या दिवशी काकी तातूंकडे आल्या. आमच्या मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येई. इतकी वर्षं तातूंच्या खोलीतून ऐकण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

‘‘तातू, उद्या आमच्याकडे गाऱ्हाणा तुमी घालूचा.’’

 मग तातू म्हणाले, ‘‘तू काय मागतंस ता तुका कळता मा?’’

‘‘कळता. म्हणानच मागतंय. तुमी इलात तर लोक येतले. तुमी नाय इलात तर माझ्या दारात कोण चढाचो नाय, आणि मगे आमी जातंव. गणपती पोचवलो काय जातंव.’’

‘‘जावा मगे.’’

‘‘माका काय, मी जायन. तेचा कसा? तो कोणाच्या दारात उभो रवतलो?’’



काकींचा आवाज फुटला. ‘‘दोगांव माझ्या हातचा जेवले, तातू. एक तुमचो गेलो तेवा माझोव गेलो. मी कोणाक सांगूक नाय.’’

त्यावर तातू जे म्हणाले ते मला नीट आठवतं, कारण ते हळू बोलले नाहीत. ‘‘येतंय. पण वैनी, देवापुढे माका खोटा बोलाक जमाचा नाय. ता माज्याकडसून मागू नको.’’

दुसऱ्या दिवशी काकींची खोली घासूनपुसून ठेवलेली होती. वसंताने स्वतः माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, केली होती, कोपऱ्यांना नक्षी, वर बांधलेली हिरवी फळं. काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास सगळ्या गॅलरीत भरला होता, आणि दारात एकही चप्पल नव्हती. मग तातू धुतलेलं धोतर नेसून चौक ओलांडून गेले. नळापाशी बसलेली माणसं उठली. एकेक करून निघाली. आम्हीही गेलो. खोलीत मावेनात इतके लोक झाले, आणि अण्णा, जे कुणाच्या गणपतीला जात नसत, ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

आरती झाली. वसंता कोपऱ्यात भिंतीला चिकटून होता. तातूंनी देवाकडे तोंड करून हात जोडले आणि इतक्या वर्षांनी तो आवाज निघाला, थोडा चिरलेला, पण तोच.

‘‘बा देवा गणपती म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ लोक म्हणाले.

‘‘आज ह्या घरात तुजी सेवा केलली आसा, ती गोड मानून घी.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ह्या घरातल्या माणसांक सुखी ठेव. कामधंद्याक यश दी.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ह्या घरात कोणाकडसून काय चूक झाली आसात...’’

पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. दर वर्षी दर घरात तेच असे: तर ती पोटात घाल, माफ कर. लोकांची तोंडं होकारासाठी उघडली होती. तातू थांबले.  आतल्या समईची वात तडतडली. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता हा माणूस वळेल आणि जाईल, आणि त्याच्या मागून सगळे जातील.

तातू वळले नाहीत. देवाकडेच बघत, गाऱ्हाण्याच्या सुरात नाही, साध्या बोलण्यात म्हणाले, ‘‘ता माज्यान म्हणवणा नाय, म्हाराजा. ता तू बग. माझा मागणा येगळा आसा. ह्येका म्हातारो होवंदे. ह्येचा लगीन होवंदे, पोरांबाळां होवंदेत. माझ्या मोहनाक जा जा मेळाक नाय, ता सगळा ह्येका मेळांदे. आणि रोज, एकव दिस चुकल्याशिवाय, ह्येका मोहनाचो आठव येवंदे.’’

 याला होकार द्यायचा म्हणजे आशीर्वादाला द्यायचा की शापाला, हे तिथल्या कुणालाच ठरवता येईना. शेवटी भिंतीपाशी वसंताच म्हणाला. त्याचा आवाज त्या खोलीत किती वर्षांनी ऐकला होता कोण जाणे.

‘‘व्हय म्हाराजा.’’

मग काकी म्हणाल्या, आणि मग सगळे. तातूंनी प्रसाद घेतला आणि कुणाकडे न बघता बाहेर आले. अण्णा मूर्तीला हात जोडत नसत. उंबऱ्यात तातू समोर आले तेव्हा अण्णांनी तातूंना हात जोडले.

त्या रात्री मी अण्णांना म्हटलं, हे माझ्या चार प्रकारांत कुठेच बसत नाही. मी व्यवस्थित मुलगी होते. प्रत्येक गोष्टीला खण लागतो असं मला वाटे. फेड म्हणावी तर तातूंनी वसंतासाठी सगळं सुख मागितलं. माफी म्हणावी तर तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. अण्णा म्हणाले, ‘‘कोर्टाला इतकी लांब शिक्षा देता येत नाही. कोर्टाला इतकं देताही येत नाही.’’ आणि दिवा मालवला.

पुढचं थोडक्यात सांगते. नळाभोवतीची जागा हळूहळू भरली. पहिली ठिणगी पडली तेव्हा, म्हणजे एका बाईने वसंताला ‘‘मेल्या, डोळे फुटले काय तुझे, माझी कळशी दिसत नाय?’’ असं सुनावलं तेव्हा, आई धावत वर येऊन मला सांगून गेली, जणू कुणाचं बारसं ठरलं होतं. वसंताला चौकटी करायची कामं मिळायला लागली. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. आणि तातू असेपर्यंत रोज सकाळी तातूंचा हंडा वसंताने भरला. तातू कधी ‘‘भर’’ म्हणाले नाहीत, त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण पहाटे रिकामा हंडा दाराबाहेर ठेवलेला असे. मी शिकून एका विमा कंपनीच्या कायदा विभागात लागले, लग्न होऊन मुलुंडला गेले, आणि तुमच्या आईला धोपटणं म्हणजे काय हे सांगायचं राहूनच गेलं.

चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. जुन्या लोकांना तिच्या मागच्या बाजूला खोल्या मिळाल्या. तुझा फोन झाल्यावर, ईशान, मी तिथे जाऊन आले. वसंताच्या सुनेने, शिल्पाने, दार उघडलं. काकी जाऊन खूप वर्षं झाली. वसंता खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, केस पांढरे, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि मांडीवर रिकाम्या डब्याची पिशवी.

‘‘काकू, ते ओळखतील न ओळखतील,’’ शिल्पा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली. ‘‘दोन वर्षं झाली, सगळं विसरले. आम्हाला विसरले, सासूबाई गेल्या ते विसरले, जेल-बिल तर काहीच नाही. फक्त मोहनकाका. रोज सकाळी तयार होऊन बसतात. मोहन येतोय, कामावर जायचंय.’’

‘‘मग काय सांगता तुम्ही?’’

‘‘आधी खरं सांगायचो ना. मोहनकाका वारले, बाबा. तर असे रडायचे, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. आणि विचारायचे, कसा गेला? आता ते काय सांगणार? एकदा हे वैतागले नि सांगून टाकलं, तुम्हीच मारलंत म्हणून. काकू, ते नुसते आपल्या हाताकडे बघत बसले. जेवले नाहीत. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शर्ट घालून तयार. मोहन इलो काय गे?’’ तिने गॅस बारीक केला. ‘‘तेव्हापासून मी म्हणते, येतोय. पाप लागत असेल तर लागू दे.’’

मी चहा घेऊन त्याच्याजवळ बसले. खिडकीतून खाली गाड्या उभ्या केलेल्या दिसत होत्या. नळ होता ती जागा मी अंदाजाने शोधायचा प्रयत्न केला. बहुतेक लिफ्टच्या खाली असावी. वसंताने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘‘बेबी ना गे तू? शिरस्तेदाराचा चेडू. शाळा नाय आज?’’

‘‘सुट्टी आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मोहन दिसलो काय तुका खाली? मी कधीचो तयार आसंय. ह्येच्यापायी रोज उशीर.’’

मला अण्णांची आठवण झाली, तातूंची झाली. तातूंनी मागितलं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं. तो म्हातारा झाला होता. आतल्या खोलीत नातवाचं दप्तर पडलेलं होतं. आणि एकही दिवस चुकत नव्हता. हेच मागितलं होतं का, हे विचारायला आता तातू नाहीत, आणि तुझ्या कायद्याच्या पुस्तकांतही, ईशान, ते कुठे असेल असं मला वाटत नाही. असलं तर मला कळव.

‘‘नळावर आहे,’’ मी म्हटलं. ‘‘रांगेत उभा आहे.’’

वसंता हसला. तसा तो पोरवयात, घावणं खाताना हसायचा. ‘‘मोहन्या? आणि रांगेत? तो कधी रवलो गे रांगेत?’’ त्याने पिशवीचे बंद मांडीवर सारखे केले आणि खिडकीच्या काचेला तोंड लावून खाली बघायला लागला. जरा वेळाने न वळताच त्याने विचारलं, ‘‘पण येतलो मा?’’

‘‘होय,’’ मी म्हटलं.